मोकळ्या हातांचा स्वयंपाक

मुलीच्या परीक्षेआधीचे दोन महिने लातूरला खोली घेऊन राहायचं ठरलं, तेव्हा मी नांदेडहून सोबत काय नेलं, तर एक कुकर, एक कढई, एक लोखंडी उलथनं, येसरचा डबा आणि डाळ-तांदूळ. पोळपाट-लाटणं नेलं नाही. परात तर नाहीच नाही. नवरा म्हणाला, "पोरीला दोन महिने काय वाऱ्यावर जगवतीस का?" तो रेल्वेच्या ऑफिसात, त्याला रजा मिळत नव्हती, म्हणून नुसते सल्ले देऊन राहिला होता. मी म्हणाले, तुम्ही या करून घालायला. मग तो डाळ-तांदळाची पिशवी बांधू लागला. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे त्याला एवढ्या वर्षांत पाठ झालं आहे.

मुलगी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं होतं, आणि ते थोडकं वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. मी शाळेत शिकवते. शिल्लक होती ती सगळी रजा टाकली आणि तिच्या क्लासपासून चालत जाता येईल अशी खोली शोधली. लातूरच्या त्या भागात ज्याला जमलं त्यानं घरावर मजला चढवला आहे आणि मजल्यावर खोल्या काढल्या आहेत. आमची घरमालकीण सत्तरीतली विधवा बाई. सगळ्या भाडेकरू तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. तिच्या घरामागे एका ओळीत सहा खोल्या, आणि सहाही खोल्यांत त्या उन्हाळ्यात एकेक पोर आणि त्याच्यामागे एकेक आई. पुढं एक खोली, मागं एक चिंचोळं स्वयंपाकघर, दोन्हींच्या मध्ये एक दार. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, एक शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर.

एवढ्यात होतं सगळं. मुगाची खिचडी, तीन शिट्ट्या. येसरची आमटी तर त्याहून सोपी. ज्वारी, गहू, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ असतं ते, पाण्यात कालवायचं, लसणाची फोडणी द्यायची, उकळी आली की झालं. मुरमुरे भिजवून पिळले, कांदा-मिरचीची फोडणी दिली, वरून डाळव्याचं कूट टाकलं की सुशीला. कढईत पिठलं. अर्धापूरची केळी नवरा दर आठवड्याला बसवाल्याच्या हाती पाठवायचा, ती शिकरणीला. शेजारच्या खोलीतल्या बाई कणीक मळून पोळ्या लाटत बसायच्या आणि माझं सगळं पंधरा मिनिटांत उरकलेलं बघून म्हणायच्या, "ताई, तुमचं बरं हाय बघा, झटपट." मी म्हणायचे, हो. भाकरी-पोळी लागली तर कोपऱ्यावरच्या पोळी-भाकरी केंद्रातून आणायची. नांदेडच्या घरीही मी तेच करते. माझ्या घरात मुलीच्या जन्मापासून कधी पीठ मळलेलं नाही, आणि माझ्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला कडी लागत नाही. नवऱ्याला कारण माहीत आहे. मुलीला मी कधी धड सांगितलं नव्हतं, ती चूक माझीच.

आमचं गाव औशाच्या पुढं. भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील एसटीत कंडक्टर, त्यांना पहिल्या गाडीची ड्यूटी असायची, म्हणून आई भल्या पहाटे उठून डब्याच्या भाकरी करायची. धाकटा भाऊ दीड वर्षाचा. आई उठली की तोही उठायचा, म्हणून ती त्याला उचलून स्वयंपाकघरात नेऊन पोत्यावर निजवायची, आणि आमची झोप मोडू नये, मांजर दुधाला तोंड लावू नये म्हणून आतून कडी घालायची. त्या पहाटे तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठात होते. जमीन हलली, वरून माळवदाची माती पडायला लागली. तिनं भावाला उचललं. झबल्याला धरून उचललं आणि ओल्या पिठाच्या हातातून तो निसटला. दुसऱ्यांदा वाकली तोवर मधली भिंत खाली आली.

मी आणि वडील बाहेर पडलो होतो. स्वयंपाकघराची चौकट पिळवटली होती आणि कडी आतून अडकली होती. आत आई ओरडत होती. अंगणात पाटा-वरवंटा होता. वडिलांनी वरवंटा उचलला आणि दारावर घातला, पुन्हा घातला, फळी फुटून त्यांच्या हातात घुसली तरी घालत राहिले. दार तुटलं. आई बाहेर आली ती दोन्ही हात पुढं धरून. हाताला पीठ होतं, पिठाला माती लागलेली होती, आणि हात रिकामे होते. मी ते हात पाहिले आहेत. अजून डोळे मिटले की दिसतात.

पुढं आम्ही नांदेडला मामाच्या आसऱ्यानं राहिलो. वडिलांची बदली झाली, दोन खोल्या घेतल्या. आईनं त्या खोल्यांतल्या स्वयंपाकघराची कडी स्वतः हातोडीनं उखडून काढली. आणि मरेपर्यंत पुन्हा पीठ मळलं नाही. "हात गुतलेला चालंल, भरलेला न्हाई," एवढंच म्हणायची. चमचा टाकून पोर उचलता येतं, पीठ टाकता येत नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, असं म्हणून लोक हसायचे. सासरी जाताना तिनं मला दागिना काही दिला नाही, येसरचा डबा दिला आणि सांगितलं, हात मोकळे पायजेत बाई.

वडील मात्र भूकंपानंतर मारकुटे झाले. आधी नव्हते. भाकरी नाही म्हणून मारायचे, मीठ कमी म्हणून मारायचे, आणि मारताना एकच वाक्य, "तुझ्याच हातातनं गेलं ते." आई उभी राहून खायची मार, हात वर करायची नाही. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायचे आणि ठरवायचे की मी कधी कुणावर हात उगारणार नाही. आईचा स्वयंपाक आणि बापाचा हात, दोन्ही माझ्याकडे आले. हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटते म्हणून खोटं कसं लिहू. शाळेत मी पोरांना हात लावत नाही, तिथं कायदा आहे. घरी कायदा मीच होते.

खालाच्या सहा खोल्यांत रविवार हा मारण्याचा वार होता. सकाळी क्लासची टेस्ट व्हायची, संध्याकाळी सहाच्या सुमारास आयांच्या मोबाइलवर गुण यायचे. साडेपाचलाच सगळ्या कुकर चढवायच्या. मला आधी वाटलं, योगायोग असेल. मग लक्षात आलं की शिट्टी चालू असली की शेजारी ऐकू जात नाही. पहिल्या खोलीतली आई पट्टीनं मारायची. चौथ्या खोलीतल्या मुलाचे वडील खास रविवारी गावाहून यायचे, पट्टा कमरेचा काढायचे, आणि तो पोरगा त्यांच्याहून हातभर उंच असून भिंतीला टेकून मार घ्यायचा. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात तसं. सोमवारी सकाळी सगळ्या जणी नळावर एकमेकींना विचारायच्या, काय केलं होतं काल? खिचडी. तुम्ही? खिचडीच.

माझ्याही कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. चापट, पाठीत धपाटा. नंतर मीच रडायचे, तिला जवळ घ्यायचे, आपलेच दात आपलेच ओठ म्हणायचे. ती अंग आखडून उभी राहायची, माझं रडून होईपर्यंत.

तो एक रविवार. गुण आले, आधीच्या वेळेपेक्षा साठनं कमी. खिचडी वाढलेली होती. मी म्हणाले, "बाप केळी पाठवून राहिला, मी रजा टाकून इथं उकडून घेऊन राहिले, आणि तू काय करून राहिलीस?" ती म्हणाली, "मम्मी, मला नाही जमत." हळूच म्हणाली. मी म्हणाले, जमत नाही हा शब्द आपल्या घरात नाही. तिनं ताट सरकवलं. मुद्दाम पाडलं नव्हतं, आज मला ते कळतं, पण ताट ओट्यावरून खाली गेलं, खिचडी भिंतीला, फरशीला, माझ्या पायाला. शेगडीवर कढई तापलेली होती, उलथनं तिच्यातच. मी ते उचललं आणि मारलं. एकदा नाही. तिनं तोंडापुढं हात धरला म्हणून ते मनगटावर बसलं. चर्र आवाज आला. फोडणीत लसूण टाकल्यावर येतो तसला.

ती ओरडली नाही. शिट्टी थांबली होती, सगळ्या खोल्या गप्प होत्या. खाला आत आली, तिनं मुलीचा हात पाण्याखाली धरला, बराच वेळ धरला, आणि मान न वळवता मला म्हणाली, "लोखंडानं मारून राहिली तू. अपनीच औलाद को. असं तर जनावरालाबी मारीत नाहीत." मग ती म्हणाली, "बाहेर जाऊन बस. तू असलीस तर ती रडत नाही." मी पुढच्या खोलीत जाऊन बसले आणि आतून रडण्याचा आवाज आला.

त्यानंतर मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. मनगटावर पट्टी बांधून क्लासला जायची. मी भांडं उचलायला हात वर केला तरी मान खाली घालायची. दुपारी मी झोपले की खालाकडं जाऊन बसायची. मी म्हटलं, बसू दे. तिच्या ताटात तूप जास्त वाढायचे, ती तसंच ठेवायची. मला कळत होतं की पोर माझ्या हातून निसटत चाललं आहे, आणि धरायला गेले की तेच हात पुढं येतात.

त्याच आठवड्यात दोन गल्ल्या सोडून एका मुलींच्या हॉस्टेलवर पोलिसांची गाडी आली. काय झालं ते कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण तासाभरात सगळ्यांना कळलं. चौथ्या खोलीतल्या आईनं पंख्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मी मुलीला विचारलं, तू ओळखत होतीस का तिला? ती म्हणाली, "माझ्या पुढच्या बाकावर बसायची." आणि पुस्तक उघडलं.

शुक्रवारी दुपारी मी कोथिंबीर-मिरची आणायला बाहेर गेले. अर्ध्या तासात परत आले. पुढच्या खोलीत ती नव्हती. चपला होत्या. स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं. मी ढकललं. आतून कडी होती.

दुसऱ्या कुठल्याही घरात कडी म्हणजे कडी. आमच्या नांदेडच्या घरात ती नाहीच, त्यामुळे तिचा एकच अर्थ मला ठाऊक होता. मी हाक मारली. दार वाजवलं. पुन्हा नाव घेऊन ओरडले. आतून काही नाही. मला समोर ती चौकट दिसली, पिळवटलेली, गावची. बोळात खालाचा पाटा असायचा, मिक्सरचा मसाला तिला चालत नव्हता. मी वरवंटा उचलला. तो किती जड होता हे दुसऱ्या दिवशी कळलं, दंड वर होईना तेव्हा. मी तो कडीच्या जागी घातला. घातला आणि घातला. तोंडातून काय निघत होतं मला माहीत नाही. खाला नंतर म्हणाली की मी माझ्या भावाला हाका मारत होते. फळी फुटली, बिजागरी निघाली, माझ्या बोटात दाराची कपची घुसली आणि रक्त आलं. दार आत पडलं.

ती ओट्यापाशी उभी होती. कानात बाहेरचं ऐकू न देणारे इअरफोन, फोनवर दुप्पट वेगानं चाललेलं कुठलं तरी लेक्चर. समोर खालाची परात आणि तवा. दोन्ही हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठात, पट्टी कोपराकडं सरकवलेली. ती वळली. तिनं मला पाहिलं, माझे केस, माझं रक्त, माझ्या हातातला वरवंटा. आणि तिनं ते पिठाचे दोन्ही हात वर केले आणि डोकं झाकून खाली बसली.

"मम्मी, नको," म्हणाली. "आता सगळे गुण आणते."

मला वाटलं होतं की ती मेली आहे, आणि तिला वाटलं होतं की मी तिला मारून टाकायला आले आहे. त्या दोन हात रुंद स्वयंपाकघरात आम्ही दोघी तशाच, मी उभी, ती बसलेली. मी म्हणाले, कडी का लावलीस? माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती डोक्यावरचे हात न काढता म्हणाली, "तू यायच्या आत भाकरी करून बघायची होती. खालानं शिकवली. मला रोज ती खिचडी नको होती. कडी नसली की मला... तू मागून येतीस ना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "वरवंटा खाली ठेव आधी."

मी खाली ठेवला. बोटं उघडेनात, एकेक करून उघडली. मग मी दारातच फरशीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिच्या मामाचं, जो मामा व्हायला जगलाच नाही. आजीच्या हातांचं. आजोबांच्या हाताचं. ती ऐकत राहिली, केसांना पीठ लागलेलं. तिनं जवळ येऊन मला मिठी मारली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुला पण कुणीतरी मारताना बघावं लागायचं." मी म्हणाले, हो. "मग?" म्हणाली. मी म्हणाले, माझं चुकलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले आणि ते फार तोकडं होतं.

संध्याकाळी खालानं सुतार बोलावला. तो नवं दार बसवताना म्हणाला, कडी कुठून लावू, भायेरून का आतून? खालानं माझ्याकडं बघितलं, मी मुलीकडं बघितलं. मुलगी खाली बघत होती. मी म्हणाले, आतून लावा. आणि चांगली जाड लावा.

त्यानंतर तीन आठवडे उरले होते. रोज दुपारी ती स्वयंपाकघरात जायची, कडी घालायची, आणि आपल्या भाकरी आपण करायची. मी बाहेर पोत्यावर बसायचे. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तो येत होता तोवर माझा जीव जागेवर असायचा. आवाज थांबला की मी उठायचे, दारापर्यंत जायचे, आणि परत येऊन बसायचे. तव्यावर टाकली असेल, म्हणायचे स्वतःला. हे तीन आठवडे मला भूकंपापेक्षा जड गेले, कारण त्यात मला काहीच तोडता येत नव्हतं. रविवार आले आणि गेले. त्यांचे गुण मी मोबाइलवर उघडले नाहीत. कुकर मी दुपारीच लावून मोकळी व्हायचे.

परीक्षेचं काय झालं असं लोक विचारतात. तिचं ते तिनंच सांगावं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आतला आवाज थांबला आणि बराच वेळ आला नाही. मी उठले नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले. मग कडी सरकली, दार थोडंसं उघडलं. ती फटीतून माझ्याकडं बघत होती. हाताला पीठ होतं, आणि पट्टी काढलेल्या मनगटावर तो काळसर पट्टा.

"मम्मी, जेवायला ये," म्हणाली, पण दार तेवढंच धरून ठेवलं.

मला कळलं ती कशाची वाट बघत आहे. मी दोन्ही हात मांडीखालून काढले, पुढं केले, उलटे-सुलटे करून दाखवले. मोकळे होते. मग तिनं दार उघडलं.